रजेच्या अर्जावरची दुसरी सही

नमस्कार. मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या एका संस्थेत मी बारा वर्षं आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या संस्थापक ताईंनी विश्वस्तांपुढे स्वतः माझं नाव मांडलं आणि मी कार्यकारी संचालक झाले. ताई अध्यक्ष म्हणून राहिल्या. त्यांनीच मला घडवलं, त्यामुळे पुढचं लिहिताना हात जड होतोय.

निर्णय कुणाचा, हेच कळेनासं झालंय. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने आठवडाभराची रजा मागितली. त्याच आठवड्यात देणगीदारांची माणसं कामाची पाहणी करायला येणार होती, म्हणून मी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं. दुपारी तोच अर्ज माझ्या टेबलावर परत आला. माझ्या सहीखाली ताईंची सही आणि 'मंजूर'. मी काही बोलले नाही. आता लोक माझ्याकडे येण्याआधी ताईंकडे जाऊन येतात. सकाळच्या बैठकीत ठरलेलं संध्याकाळच्या फोनवर बदलतं. विश्वस्तांची सभा म्हणजे अहवाल वाचायचा आणि सह्या करायच्या.

यंदा दोन अनुभवी कार्यकर्त्या सोडून गेल्या. एक जाताना म्हणाली, 'घरभाडं थकलंय हे इथे सांगायची लाज वाटते.' पाच महिन्यांत दोनदा पगार उशिरा झाले, देणगीचा हप्ता आला नव्हता म्हणून. आमचा बहुतेक पैसा एकाच देणगीदाराकडून येतो.

ताईंशी बोलायचं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. न बोलता काम होत नाही. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का?

— एक संचालिका

* * *

नमस्कार.

राजीनामा आत्ता देऊ नका. कधी द्यावा लागेल तेही पुढे सांगते, पण आज नको.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मूळ पत्र चार पानी आहे, वर त्याचा सारांश दिलाय. चारपैकी तीन पानं ताईंबद्दल आहेत आणि पगाराबद्दल दोन ओळी, त्याही शेवटाकडे. माझा क्रम उलटा आहे. ताईंबरोबरचा गुंता सुटायला सहा महिने लागले तरी संस्था तग धरेल. पगाराची तारीख मात्र येत्या महिन्यात पुन्हा दारात उभी राहणार. शिवाय दोन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. तुमच्याकडे माणसं एकमेकांना इतकी जपतात की अवघड गोष्ट कुणी कुणाला सांगतच नाही. ताई तुम्हाला सांगत नाहीत, तुम्ही ताईंना सांगत नाही, ती कार्यकर्ती भाडं थकल्याचं कुणाला सांगत नाही, आणि विश्वस्तांना तर कुणीच काही सांगत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. एका संस्थेची जबाबदारी मी नऊ वर्षं सांभाळली. एका वर्षी देणगीचा हप्ता अडकला आणि आमचे पगार एकवीस दिवस लांबले. मी रोज फोन लावत होते, पत्रं पाठवत होते, आणि कार्यालयात हसत वावरत होते. लोक घाबरतील, सोडून जातील, म्हणून कुणालाच काही सांगितलं नाही. आमच्या एका सहकाऱ्याने त्या दिवसांत आईच्या औषधपाण्यासाठी चढ्या व्याजाने पैसे उचलले. मला ते कळलं दोन वर्षांनी, तेही दुसऱ्याकडून. पहिल्याच आठवड्यात मी 'पगार वीस तारखेच्या आत होणार नाही' एवढं सांगितलं असतं, तर त्याने आधीच काही सोय लावली असती. ते मला अजून बोचतं. तुमच्या कार्यकर्तीचं ते लाजेचं वाक्य वाचलं तेव्हा पहिला आठवला तो हाच सहकारी.

'हप्ता आला नव्हता' हे कारण खरं आहे, पण अपुरं आहे. हप्ते उशिरा येतातच. आधीच्या हप्त्याचा हिशेब आणि अहवाल पोचल्याशिवाय देणगीदार पुढचा हप्ता सोडत नाही. अहवाल अडतो, कारण फील्डवरची आकडेवारी आलेली नसते. आकडेवारी अडते, कारण ती भरणारी माणसं आधीच दोघा-दोघांचं काम ओढत असतात. तुमच्याकडच्या दोन जागा रिकाम्या झाल्यात, म्हणजे पुढचा अहवाल आणखी रेंगाळणार. बँकेत बघावं तर पैसे दिसतात, पण ते दुसऱ्या प्रकल्पाचे. मग कुणीतरी म्हणतं, आत्ता यातून पगार करू, हप्ता आला की परत टाकू. ज्या संस्था मी बुडताना पाहिल्या, त्यांत वाईट हेतूने पैसा फिरवणारे फार थोडे होते. बहुतेकांनी महिनाअखेरीला माणसांचे पगार अडू नयेत म्हणूनच सुरुवात केली होती. पण विशिष्ट कामासाठी आलेला पैसा त्या कामाचाच. दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे पहिल्यात घालावे लागतात, आणि एकदा हे चक्र फिरू लागलं की नक्की कुणाचं किती देणं लागतो हे हिशेबनीसालाही सांगता येत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. हिशेबनीसांना घेऊन दोन तास बसा आणि पुढच्या सहा महिन्यांचा एकच तक्ता करा. कुठल्या महिन्यात कुणाकडून किती येणार, ते नक्की आहे की नुसतं तोंडी, आणि त्या महिन्यात काय काय द्यावंच लागणार. वर दोन आकडे वेगवेगळे लिहा: बँकेतली एकूण शिल्लक आणि त्यातली मोकळी शिल्लक, म्हणजे कुठल्याही प्रकल्पाला बांधलेली नाही अशी. समजा बँकेत शंभर आहेत. त्यातले ब्याऐंशी बांधलेले निघाले, तर तुमच्या हातात अठराच. प्रकल्पांवर टाकता न येणारे पगार, भाडं, वीज यांना महिन्याला नऊ लागत असतील, तर संस्थेकडे दोनच महिन्यांचा श्वास आहे. ताळेबंदात हे सहसा ठळक दिसत नाही. वर्षाअखेरीचा ताळेबंद मागे काय झालं ते सांगतो, आणि तुम्हाला हवंय ते ऑगस्टमध्ये काय होणार ते.

हा तक्ता विश्वस्तांपुढे ठेवा, आणि सभेची वाट न बघता ठेवा. त्यांना आवडेल की नाही हा विचार करू नका. संस्थेच्या पैशाची अखेरची जबाबदारी विश्वस्तांची असते, तुमची त्यानंतर. त्यांनी आजवर विचारलं नाही हे खरं असेल, पण तुम्ही दाखवलं नाही हेही खरं आहे.

लंडनमधल्या किड्स कंपनी या संस्थेचं प्रकरण मी नव्या विश्वस्तांना नेहमी सांगते. १९९६ साली सुरू झालेली, हलाखीतल्या मुलांसाठी काम करणारी, संस्थापक बाईंच्या धडाडीवर वाढलेली ही संस्था. ऑगस्ट २०१५मध्ये ती एकाएकी बंद पडली. पुढे २०२१ साली न्यायालयाने विश्वस्तांना अपात्र ठरवायला नकार दिला, म्हणजे माणसं अप्रामाणिक होती असं काही नव्हतं. पण २०२२ साली धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या चॅरिटी कमिशनने चौकशीचा अहवाल दिला. त्यात गैरव्यवस्थापनाचा ठपका आहे तो एका साध्या गोष्टीवर: संस्था ज्यांचं देणं लागत होती त्यांचे पैसे वारंवार वेळेवर दिले गेले नाहीत, आणि त्यांत संस्थेचेच कर्मचारी होते. पगार उशिरा होणं ही आपल्या क्षेत्रात चालायचीच गोष्ट, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर हे आठवा.

आणि लोकांना सांगा. पगाराची तारीख उजाडण्याआधी सांगा. 'काळजी करू नका, होऊन जाईल' हे सांगणं नसतं. किती तारखेला होईल, उशीर का होतोय, नाही झालं तर अर्धा तरी कधी, कुणाची अगदीच अडचण असेल तर त्याने कुणाकडे यायचं, एवढं स्पष्ट. पगार कापायची किंवा थांबवायची वेळ आलीच, तर सर्वांत कमी पगाराच्या माणसाचा शेवटी आणि तुमचा सर्वांत आधी.

आता हा खड्डा पडला कुठून, ते. तुम्ही पत्रात म्हटलंय की देणगीदार प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांवर जात नाही. म्हणजे मुलांना शिकवणारी कार्यकर्ती त्याला हवी, पण तिचा पगार काढणारा हिशेबनीस, तिला प्रशिक्षण देणारी पर्यवेक्षिका, ती बसते ती खोली, ज्यात तिची आकडेवारी भरली जाते तो संगणक, हे सगळं पाच टक्क्यांत. ते बसत नाही. मग आपण काय करतो? हिशेबनीस अर्धवेळ ठेवतो, संगणक आणखी एक वर्ष ढकलतो, आणि अहवालात खर्च कमी दाखवतो. देणगीदाराला वाटतं पाच टक्क्यांत भागतंय, आणि पुढच्या वर्षी तो तेवढेच देतो. स्टॅनफर्डमधून निघणाऱ्या सामाजिक क्षेत्रावरच्या एका नियतकालिकात २००९ साली या फेऱ्याला उपासमारीचं चक्र म्हटलं गेलं, आणि तेव्हापासून तो शब्द या क्षेत्रात रुळलाय. २०१३ साली तर गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं की, प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यांवरून संस्थेची पारख करू नका. ज्यांची माहिती बघून देणगीदार संस्था निवडतात, त्यांनीच हे लिहावं याला महत्त्व आहे. तुमच्या देणगीदाराशी बोलताना ते पत्र सोबत ठेवा.

पण नुसती टक्केवारी वाढवून मागू नका, त्यात हमखास नकार मिळतो. पुढच्या प्रपोजलमध्ये 'प्रशासकीय खर्च' ही एक ओळ शेवटी टाकण्याऐवजी तो खर्च जिथे होतो तिथे दाखवा. हिशेबनीसाचे महिन्याचे सहा दिवस या प्रकल्पाला जातात, तर ते सहा दिवस प्रकल्पाच्या खर्चात. पर्यवेक्षिकेचा अर्धा वेळ, तर अर्धा पगार. जागेच्या भाड्याचा जो वाटा, तो वाटा. हे लपवणं मुळीच नाही. एका मुलाला वाचायला शिकवायचा खरा खर्च किती, हे पहिल्यांदा उघड सांगणं आहे. आणि तो खर्च द्यायला देणगीदार तयार नसेल, तर तेवढं काम कमी करू असं म्हणायची हिंमत ठेवा. पन्नास केंद्रांऐवजी चाळीस. मला माहीत आहे की हे लिहायला सोपं आहे. दहा केंद्रं कमी करायची म्हणजे त्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. पण मार्चमध्ये पन्नासच्या पन्नास बंद करावी लागली तर ती मुलं कुठे जाणार, हेही बघायला हवं.

एकाच देणगीदारावर उभं राहण्याबद्दल थोडक्यात. शिकागोमध्ये गरिबांसाठी आणि स्थलांतरितांसाठी काम करणारं हल हाउस जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली सुरू केलं. ॲडम्स यांना १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं. त्यांचा वारसा चालवणारी संस्था जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. तिचा बहुतेक पैसा सरकारकडून येत होता, तो आटला आणि गरज मात्र वाढली. एकशेवीस वर्षांच्या पुण्याईने महिन्याचे पगार होत नाहीत. दुसरा आणि तिसरा देणगीदार शोधायला तुमच्याच वेळातला आठवड्याचा एक दिवस बांधून घ्या, आणि किमान तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढा राखीव निधी जमवायचा ठराव विश्वस्तांकडून करून घ्या. तो जमायला दोन-तीन वर्षं जातील. ठराव नसेल तर तो कधीच जमणार नाही, कारण दर वर्षी त्याहून निकडीचं काहीतरी समोर असतं.

आता ताई.

त्या अर्जाचं दृश्य माझ्या मनातून जात नाही. तुम्ही लिहिता की ताईंनी तुमचा अधिकार काढून घेतला. मला वाटतं, ताईंच्या मनात अधिकार हा शब्दच आला नसेल. पंचवीस वर्षं जो माणूस अडचणीत असेल तो ताईंसमोर येऊन उभा राहिला आणि ताईंनी मार्ग काढला, असंच ती संस्था उभी राहिलीय. त्या दिवशी एक माणूस अर्ज घेऊन आला, घरचं काही सांगितलं, त्यांनी सही केली. वर तुमची सही आहे हे त्यांनी पाहिलं असेल. 'पोरीच्या लक्षात आलं नसेल, मी बघते' असं वाटलं असेल. त्यांच्या ज्या गुणाने संस्था उभी राहिली, तोच गुण आता तुमच्या टेबलावर येऊन बसलाय.

पण हेतू काहीही असला तरी त्या एका सहीतून बऱ्याच लोकांनी काहीतरी घेतलं. रजा मागणाऱ्याला कळलं की आत जायला दुसरं दार आहे. पाहणीच्या आठवड्यात स्वतःची कामं बाजूला ठेवून जे थांबले, त्यांना कळलं की आपण उगाच थांबलो. आणि तुम्ही त्या दिवसापासून निर्णय घेणंच कमी केलं. हे माझं अनुमान नाही, तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे: 'हल्ली मी आधीच ताईंना विचारून घेते.' म्हणजे लोक तुम्हाला वळसा घालून जातात, आणि तुम्हीही स्वतःला वळसा घालून जाता.

एक गोष्ट बऱ्याच संस्थांना माहीत नसते किंवा सोयीने विसरली जाते. निर्णय घेतं ते विश्वस्त मंडळ, सभेत बसून, ठराव करून. सभेबाहेर एकट्या अध्यक्षांना, त्या संस्थापक असल्या तरी, नियमावलीने किंवा ठरावाने दिलेत तेवढेच अधिकार असतात. मंडळाने धोरण ठरवावं, अंदाजपत्रक मंजूर करावं, संचालक नेमावा, त्याच्या कामाचा आढावा घ्यावा आणि गरज पडली तर त्याला काढावं. पण कुणाला कधी रजा द्यायची, कोणत्या केंद्रावर कुणाला पाठवायचं, हे संचालकाचं. तुमच्या नेमणुकीच्या पत्रात यातलं काय लिहिलंय? पत्रच एका परिच्छेदाचं असेल तर गोंधळाचं निम्मं कारण तिथेच आहे. दोन पानांचा एक कागद करा: रजा, नेमणुका, किती रकमेपर्यंतचा खर्च कुणाच्या सहीने, चेकवर कुणाच्या दोन सह्या, देणगीदाराशी अंतिम बोलणी कुणाची, तक्रार कुणाविरुद्ध असेल तर कुणाकडे जायची. शेवटची ओळ विसरू नका. तुमच्याविरुद्धची तक्रार ऐकायला तुमच्याखेरीज कुणीतरी हवं, नाहीतर लोक ताईंकडेच जातील, आणि त्यांचं तेव्हा चुकणार नाही.

हा कागद ताईंना सभेत अचानक दाखवू नका. आधी त्यांच्याकडे एकट्या जा. कसं बोलायचं असं तुम्ही विचारलंय, तर मी असं बोलले असते: 'ताई, त्या रजेच्या अर्जाबद्दल बोलायचंय. त्याच दिवशी बोलायला हवं होतं, मी बोलले नाही, ती माझी चूक. तुम्ही सही केलीत तेव्हा त्याची अडचण खरी असेल. पण त्यानंतर लोक माझ्याकडे येईनासे झालेत, आणि मला निर्णय घेता येत नाहीयेत. कुणी तुमच्याकडे आलं तर त्याला माझ्याकडे पाठवाल का? माझा निर्णय चुकला असं वाटलं तर मला बोलवून सांगा, मी ऐकेन. पण बदलायचा झाला तर तो मला बदलू द्या.' एवढंच. बारा वर्षांचा हिशेब काढायचा नाही, फोनवरच्या बदललेल्या निर्णयांची यादी वाचायची नाही. एक अर्ज, एक विनंती. आणि मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. पहिल्यांदा त्या दुखावतील. दुखावल्या तरी तुमचं म्हणणं मागे घेऊ नका.

त्या बोलतील तेव्हा काय कानावर येतंय याकडे लक्ष द्या. ज्या संस्थापकांना सोडवत नाही, त्यांच्याबद्दल सत्तेची हाव असं चटकन म्हटलं जातं. मला बरेचदा वेगळंच दिसलंय. पंचवीस वर्षं मानधनावर, कधी तेही न घेता काम केलेल्या माणसाकडे म्हातारपणाची तरतूद नसते. संस्थेबाहेर मित्र उरलेले नसतात. सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न असतो. ताईंचा औषधोपचार, त्यांचा महिन्याचा खर्च याबद्दल तुमच्या विश्वस्तांनी कधी विचार केलाय का? केला नसेल तर ते मंडळाचं कर्तव्य आहे, आणि तुम्हीच ते मांडा. ताईंवरची तुमची माया दाखवायला याहून चांगली जागा नाही. त्यांच्यासाठी नावापुरतं पद मात्र काढू नका, ते त्यांना लगेच कळेल. नव्या कार्यकर्त्यांना पालकांशी बोलायला कुणी शिकवायचं? जुन्या देणगीदारांना वर्षातून एकदा कोणी भेटायचं? अशी त्यांच्याच हाताची, ठरलेल्या दिवसांची कामं द्या.

संस्थापक अध्यक्षपदी राहिला म्हणजे सगळं बिघडतंच असंही नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे संस्थापक फझले हसन आबेद यांनी १९७२ साली संस्था सुरू केली. २००१ साली, वयाच्या पासष्टीत, त्यांनी कार्यकारी संचालकपद सोडलं आणि अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०१९मध्ये अध्यक्षपदही सोडलं. त्या डिसेंबरात ते गेले. म्हणजे रोजचा कारभार एकदा सोडला आणि मंडळाचं नेतृत्व अठरा वर्षांनी. मला यात घेण्यासारखं वाटतं ते हे की, हा बदल त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या हयातीत, ठरवून झाला. तुमच्या ताईंनी पहिली पायरी स्वतःहून उतरली आहे. तुमचं नाव त्यांनीच मांडलं, हे त्यांना सांगायला विसरू नका. बऱ्याच संस्थापकांना तेवढंही जमत नाही.

बोलूनही काही बदललं नाही तर? एक महिना जाऊ द्या, मग पुन्हा बोला, आणि या वेळी सांगा की हा विषय मी मंडळापुढे ठेवणार आहे. त्यांना न सांगता एखाद्या विश्वस्ताला गाठू नका. आज तुमच्या पाठीमागून निर्णय फिरतात म्हणून तुम्ही दुखावल्या आहात, तेच त्यांच्याशी करू नका. खजिनदारांपासून सुरुवात करा, तक्ता त्यांना आधीच दाखवलेला असेल.

राहिल्या त्या दोन कार्यकर्त्या, आणि अजून टिकून असलेले बाकीचे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९ साली बाहेरच्या तज्ज्ञांकडून आपल्याच कर्मचाऱ्यांची पाहणी करवून घेतली, तेव्हा माणसांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या त्या संस्थेतल्या वातावरणाला अहवालात 'विषारी' हा शब्द आला. चांगल्या कामात असलेल्या माणसाला स्वतःच्या थकव्याबद्दल बोलणं अवघड जातं, कारण समोर ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची दुःखं कितीतरी मोठी असतात. म्हणून ते बोलणं तुम्हीच सुरू करायला हवं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक केंद्रप्रमुखाबरोबर अर्धा तास, आणि त्यात पहिला प्रश्न कामाचा नको. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य बैठकीतून काही दिवस काढून टाका. त्या वाक्याने रजेचे नियम, पगारवाढीचं कोष्टक, जादा कामाची भरपाई मागायची सोय राहत नाही. तेच नियम कागदावर असते, तर 'भाडं थकलंय' सांगताना त्या कार्यकर्तीला लाज वाटली नसती, कारण ती उपकार मागत नसती, ठरलेलं मागत असती. जमलं तर तिला एक फोन करा. परत बोलवायला नको. उशिरा झालेल्या पगारांबद्दल माफी मागायला.

तुम्ही स्वतः शेवटची रजा कधी घेतलीत, तेही बघा. पत्रात कुठे दिसत नाही.

राजीनाम्याचं म्हणाल तर मी एकच रेघ आखून देते. तक्ता बघूनही मंडळाने प्रकल्पाच्या पैशातून पगार करायला सांगितलं, किंवा ज्या हिशेबावर तुमचा विश्वास नाही त्यावर सही मागितली, तर त्या दिवशी नकार लेखी द्या आणि तरीही आग्रह राहिला तर निघा. ताई रागावल्या, लोक नाराज झाले, तुम्हाला दोन रात्री झोप लागली नाही, ही राजीनाम्याची कारणं नाहीत. वर्षभराने, कागद होऊनही अर्ज दुसऱ्याच दारातून मंजूर होत असतील, तर पुन्हा लिहा, तेव्हा माझं उत्तर कदाचित वेगळं असेल.

आणि तो रजेचा अर्ज. त्याची रजा झाली, ती तशीच राहू द्या, कापू नका. पण त्या सहकाऱ्याला बोलवा आणि विचारा, काय अडचण होती. नामंजूर करताना तुम्ही हे विचारलं होतं का, हे पत्रात लिहिलेलं नाही. विचारलं नसेल तर त्याच्यासमोर तसं म्हणा. मग सांगा की पुढच्या वेळी अर्ज घेऊन तुमच्याकडेच यायचं.

या महिन्याच्या पगाराला किती दिवस उरलेत?